दाटीचा हिशेब
(बी. ए. द्वितीय वर्ष)

गावातला व्यापारी धान मोजून घेताना पायलीच्या अंगाला हळूच दोन चापट्या मारतो. चापटी बसली की दाणे खाली सरकतात आणि त्याच मापात आणखी ओंजळभर धान मावते. माझी माय शाळेची पायरी चढलेली नाही. परंतु पायलीला चापटी मारू द्यायची नाही, एवढे पदार्थविज्ञान तिला पक्के ठाऊक आहे. एका मापात दाबून दाबून शेवटी किती मावेल, हा प्रश्न मला त्या चापट्यांमुळे लहानपणीच पडला होता. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नाविषयी आहे. फक्त येथले दाणे न्यूट्रॉनांचे आहेत आणि माप आकाशातले आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने असल्या विषयाला हात का घालावा, असे वाचकांना वाटेल. तसे एका हितचिंतकाने मला सांगितलेही. "हा तुमचा प्रांत नव्हे, एखादी कविता द्या," असे ते म्हणाले. मी आश्रमशाळेत शिकले. दहावीला गणितात गुण बरे होते. पुढे विज्ञान घ्यावे असे मनात होते, पण जेथे विज्ञान शाखा होती तेथे राहण्याची सोय झाली नाही आणि जेथे सोय झाली तेथे कला शाखाच होती. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे यात काही राहून गेले हे कोणाच्या ध्यानात आले नाही. मलाही ते उशिराच कळले. असो.

या विषयाकडे मी आले तीही मराठीच्याच वाटेने. मराठी भाषेवरील ग्रंथांची यादी करताना राजेश्वरी पंढरीपांडे हे नाव भेटले. त्यांनी इंग्रजीत लिहिलेले मराठीचे व्याकरण १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्या मूळच्या नागपूरच्या आणि अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात भाषाविज्ञानाच्या प्राध्यापक होत्या. त्यांच्याविषयी वाचत असता कळले की त्यांचे पती विजय रघुनाथ पंढरीपांडे हेही नागपूरचेच, त्याच विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक होते, आणि 'मेनी-बॉडी थिअरी' या विषयात जगभर त्यांचे नाव होते. खरे सांगायचे तर हे शब्द वाचून, अनेक देहांचा सिद्धान्त म्हणजे पुनर्जन्माविषयी काहीतरी असावे, अशी माझी समजूत झाली. विज्ञान विभागातल्या सरांना विचारले तेव्हा ते पोटभर हसले, आणि मग दर शनिवारी अर्धा तास त्यांनी मला दिला. पुढे जे लिहिले आहे ते त्या शनिवारांचे फळ आहे. चुका असतील त्या माझ्या.

आपण याला 'बहुकण सिद्धान्त' म्हणू. पुष्कळ कण एकत्र आले आणि ते एकमेकांवर जोर लावीत असले तर त्या समूहाचे वागणे कसे ठरते, हा त्याचा प्रश्न.

प्रथम दाटी म्हणजे काय ते पाहू. आमच्या जिल्ह्यात सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. लोखंड हे आपल्याला भरीव वाटते. त्याची घनता पाण्याच्या सुमारे ७.९ पट. परंतु लोखंडाचा एक अणू पावणेतीन किलोमीटर रुंदीच्या शिवाराएवढा मानला तर त्याचा अणुगर्भ, म्हणजे ज्यात जवळजवळ सगळे वजन साठलेले असते तो मधला भाग, एखाद्या बेलफळाएवढा भरेल. बाकीच्या शिवारात फक्त इलेक्ट्रॉन. म्हणजे भरीव लोखंडसुद्धा बहुतांशी रिकामेच! मग ही रिकामी जागा चेपून टाकता येईल काय?

येथे चापटी चालत नाही. इलेक्ट्रॉन आडवे येतात, आणि ते विजेच्या जोरापेक्षाही एका विचित्र नियमाच्या बळावर. १९२५ साली पाउली या शास्त्रज्ञाने सांगितलेल्या या नियमाप्रमाणे एका ऊर्जापातळीवर दोनपेक्षा अधिक इलेक्ट्रॉन बसू शकत नाहीत, आणि त्या दोघांची गिरकीही परस्परांच्या उलट असावी लागते. सोमवारी सकाळी गडचिरोलीला येणारी एस. टी. आठवावी. दोघांच्या बाकावर दोघेच. तिसऱ्याला मागच्या बाकाकडे सरकावे लागते. इलेक्ट्रॉनांच्या गाडीत मागचे बाक म्हणजे अधिक ऊर्जेचे. गाडी जितकी लहान करावी तितके बाकांमधले ऊर्जेचे अंतर वाढते, आणि मागे बसलेले इलेक्ट्रॉन अधिकच वेगाने धावतात. म्हणून पदार्थ थंडगार असला तरी आतून दाब राहतोच. हा दाब उष्णतेचा नसून केवळ जागेच्या नियमाचा आहे.

अशा दाबावर अख्खे तारे उभे आहेत. आकाशातील व्याधाच्या ताऱ्याला एक मंद जोडीदार आहे. १८६२ साली तो प्रथम दिसला. त्याचे वजन सूर्याएवढे आणि आकार पृथ्वीएवढा. त्यातले चमचाभर द्रव्य काही टन वजनाचे भरेल. अशा ताऱ्यांना श्वेत बटू म्हणतात. ३१ जुलै १९३० रोजी सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर मुंबई बंदरातून इंग्लंडला जाण्यासाठी बोटीत बसले आणि प्रवासात त्यांनी या ताऱ्यांचा हिशेब मांडला. धावणारे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ गेले तर दाब पुरेसा वाढत नाही. म्हणून श्वेत बटूच्या वजनाला एक मर्यादा आहे, असे निघाले. सूर्याच्या सुमारे १.४ पट, ही आज सर्वमान्य असलेली मर्यादा त्याच वाटेने आली. १९३५ साली लंडनच्या सभेत एडिंग्टनसारख्या थोर ज्योतिर्विदाने त्याची भर सभेत थट्टा केली. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ साली. बोटीवर चढले तेव्हा चंद्रशेखर १९ वर्षांचे होते. माझेही वय तेवढेच आहे; एवढे एक साम्य सोडले तर दुसरे नाही, तरीही ते वाचून मला बरे वाटले.

आता मुद्द्याची गोष्ट. चंद्रशेखरांनी प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतंत्र मानला होता. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात याकडे जवळजवळ दुर्लक्ष केले, आणि तरी उत्तर बरोबर आले. कारण इलेक्ट्रॉनांची दाटी वाढत गेली की जागेच्या नियमाने येणारी धावपळ इतकी वाढते की तिच्यापुढे त्यांचे आपसांतले विजेचे भांडण किरकोळ ठरते. दाटी वाढली की इलेक्ट्रॉन उलट अधिक स्वतंत्र होतात! हे मला इतके उफराटे वाटले की सरांकडून दोनदा समजावून घ्यावे लागले.

पण हेच न्यूट्रॉनांना लावू गेले तर काय होते? १९३२ साली चॅडविकने न्यूट्रॉन शोधला. १९३४ साली बाडे आणि झ्विकी यांनी असे सुचविले की मोठा तारा स्फोट होऊन मरताना त्याचा गाभा कोसळून न्यूट्रॉनांचा तारा बनत असावा. अशा ताऱ्याची घनता अणुगर्भाएवढी किंवा त्याहूनही जास्त. चमचाभर द्रव्य १०० कोटी टनांहून जड. सूर्याहून जड असलेला हा तारा इतका लहान की गडचिरोलीहून निघालेली गाडी आरमोरीला पोचण्याच्या आधीच त्याचा व्यास ओलांडून जाईल. १९३९ साली ओपनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी त्याच्या वजनाची मर्यादा काढली. न्यूट्रॉन स्वतंत्र मानून, जागेचा नियम आणि आइन्स्टाइनचे गुरुत्वाकर्षण वापरून त्यांचे उत्तर आले सूर्याच्या ०.७ पट.

पुढे १९६७ साली जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला केंब्रिजच्या रेडिओ दुर्बिणीत नियमित ठोके देणारा स्पंदक सापडला आणि न्यूट्रॉन तारे खरोखरीच आहेत असे ठरले. (१९७४ चे नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळाले, तिला नाही.) जोडीने फिरणाऱ्या स्पंदकांची वजने करता आली तेव्हा ती सूर्याच्या १.४ पटीच्या आसपास भरली. ज्याची मर्यादा ०.७ तो तारा १.४ कसा? ताऱ्यांत चूक होऊ शकत नाही, म्हणजे चूक हिशेबात होती. न्यूट्रॉन स्वतंत्र नव्हते.

गेल्या वर्षी रोवणीच्या दिवसांत मी गावी होते. बांधीत ओणवे होऊन पऱ्हे लावता लावता मी हा पेच मायला सांगितला, अर्थात न्यूट्रॉनाऐवजी बायका घालून. एक बाई दिवसाला किती रोवते ते ठाऊक असले तर दहा बायकांचे दहापट धरावे की नाही? ती कंबर सरळ न करताच म्हणाली, "एकटी बाई रोवते ते आपल्या मनानं. ओळीत लागली का बाजूवालीच्या हातानं चालाव लागते."

बहुकण सिद्धान्ताची अडचण याहून नेमक्या शब्दांत मला कोठे वाचायला मिळाली नाही. दोन न्यूट्रॉन सेंटीमीटरच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढ्या अंतरावर आले की एकमेकांना ओढतात. त्याच्या निम्म्याहून जवळ आले की जोराने दूर लोटतात. दहा कणांत अशा ४५ जोड्या होतात. बरे, जोड्यांवरही भागत नाही. ट्रिटियमच्या अणुगर्भात एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असे तीनच कण; पण केवळ दोघादोघांमधले जोर धरून त्याची बांधणी काढली तर ती मोजलेल्यापेक्षा कमी पडते. तिसरा जवळ असला की पहिल्या दोघांचे नातेच बदलते. दहा कणांत असे तिघांचे गट १२०. आणि ताऱ्यातील न्यूट्रॉनांची संख्या एकावर ५७ शून्ये.

शिवाय हे कण पुंजयामिकीचे नियम पाळतात, म्हणजे एकेकाची स्थिती वेगळी लिहून चालत नाही, सर्वांची मिळून एकच लिहावी लागते. गिरकीपुरतेच पाहिले तरी प्रत्येकाला वर की खाली असे दोन पर्याय. दहा कणांना १०२४ पर्याय, वीस कणांना दहा लाखांवर, आणि ३०० कणांना इतके की दिसणाऱ्या विश्वातल्या एकूण अणूंची संख्याही त्यापुढे तोकडी. कोणताही संगणक हे सरळ मोजू शकत नाही. मग करायचे काय?

येथे पंढरीपांडे येतात. त्यांचा जन्म १९४० साली नागपुरात झाला. शिक्षण नागपूर विद्यापीठात. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आमच्या जिल्ह्यातील महाविद्यालयेही त्याच विद्यापीठात मोडत. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते संशोधक होते. १९७१ साली दाट न्यूट्रॉन द्रव्यावर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, १९७२ पासून ते इलिनॉयला गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १९७३ साली, ताऱ्यांच्या ऊर्जेचे कोडे सोडविणाऱ्या हान्स बेथे यांच्याबरोबर त्यांनी दाट समूहांच्या हिशेबाच्या पद्धतीवर लिहिले.

ती पद्धत अंदाजाची आहे. अंदाज म्हटला की आपल्याकडे नाक मुरडतात. पण या अंदाजाला एक विलक्षण कुंपण आहे. समूहाची सर्वांत कमी ऊर्जा शोधायची असते. सर्व कणांची मिळून स्थिती कशी असेल याचा तर्क मांडून त्यावरून ऊर्जा काढली, तर ती खऱ्या ऊर्जेएवढी किंवा तिच्याहून जास्तच येते. तर्क कितीही चुकला तरी ती खऱ्याच्या खाली कधीच जात नाही, हे गणिताने सिद्ध आहे. म्हणून तर्क बदलत जायचा आणि ऊर्जा उतरत जाईल तिकडे जायचे, जसे बांधीतले पाणी आपोआप सखल कोपरा शोधते. सगळी कसोटी तर्क शहाणपणाने मांडण्यात. पंढरीपांडे यांनी त्यात प्रत्येक जोडीचे नाते घातले: दोन कण फार जवळ येण्याचा संभव कमी करायचा आणि ठरावीक अंतरापलीकडे त्यांना एकमेकांच्या जोरातून मोकळे सोडायचे. हे अंतर किती, याला त्यांनी बंधन घातले की त्या अंतराच्या आत सरासरीने एकच शेजारी असावा. म्हणजे बाजूवालीचा हात हिशेबात आला!

पुढे ही पद्धत पुष्कळ सुधारली आणि लहान अणुगर्भांसाठी संगणकाच्या मदतीने 'माँटे कार्लो' नावाची रीत आली. जुगाराच्या गावाचे नाव ऐकून दचकू नये. असंख्य मांडण्यांपैकी यदृच्छेने काही निवडायच्या आणि त्यांवरून सगळ्यांची सरासरी काढायची. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो तेच हे, फक्त शिते लाखांनी घ्यायची.

परंतु पद्धत खरी की खोटी हे न्यूट्रॉन ताऱ्यावर जाऊन पाहता येत नाही. तेव्हा पंढरीपांडे आणि त्यांचे सहकारी यांनी तीच पद्धत द्रवरूप हेलियमला लावली. हेलियमचे अणूही दूर असता ओढतात आणि फार जवळ आले की ढकलतात. आणि थंडी कितीही वाढविली तरी साध्या दाबाखाली हेलियम गोठत नाही, कारण पुंजयामिकी त्याच्या अणूंना स्थिर बसू देत नाही. हेलियम प्रयोगशाळेत मोजता येतो. प्रयोगशाळेतला थंड थेंब आणि आकाशातला कोसळलेला तारा यांना एकच गणित लागते, ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. दुसरीकडे त्यांनी तीन-चार कणांपासून आठ-दहा कणांपर्यंतचे अणुगर्भ घेऊन, दोघांचे आणि तिघांचे जोर कसे असावेत हे मोजमापाशी ताडून बसविले. अमेरिकेच्या भौतिकी संस्थेचे बॉनर पारितोषिक त्यांना १९९९ साली मिळाले.

१९९८ साली अकमल आणि रेव्हनहॉल यांच्यासह त्यांनी न्यूट्रॉन ताऱ्याचा हिशेब प्रसिद्ध केला. तिघांचे जोर धरून मर्यादा आली सूर्याच्या सुमारे २.२ पट. त्या काळी नीट वजन केलेले न्यूट्रॉन तारे १.४ च्याच आसपासचे होते, त्यामुळे एवढी वरची मर्यादा खरी की खोटी ते कळायला मार्ग नव्हता. पंढरीपांडे ३ जानेवारी २००६ रोजी वारले. २०१० साली सूर्याच्या जवळजवळ दुप्पट आणि २०१३ साली पूर्ण दुप्पट वजनाचा न्यूट्रॉन तारा सापडला. ज्यांची मर्यादा दोनच्या खाली होती असे अनेकांचे हिशेब त्या दिवशी बाद झाले. हा उभा राहिला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी नोंदल्या गेल्या. त्यांवरून त्रिज्या १२ किलोमीटरच्या आसपास निघाली, तीही या हिशेबाशी जुळते. अशा लहरी टिपणारे यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे.

तरी हिशेब संपलेला नाही. ताऱ्याच्या अगदी मध्यभागी न्यूट्रॉन न्यूट्रॉनच राहतात, की त्यांचे दुसरेच जड कण बनतात, की ते फुटून त्यांच्या आतले क्वार्क मोकळे होतात, यावर एकमत नाही. तसे जड कण बनले तर तारा मऊ पडतो आणि दुप्पट वजन पेलत नाही. म्हणून हा पेच आणखीनच घट्ट झाला आहे.

हे सारे मी दिवाळीच्या सुट्टीत धान कापून झाल्यावर मायला पुन्हा सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मंग त्या ताऱ्याले कोणी चापटी मारली तं?"

मी गप्प झाले. परत आल्यावर सरांना विचारले. ते म्हणाले, चापटी बसते. १९६९ साली दक्षिणेकडील वेला नक्षत्रातला स्पंदक, जो सेकंदाला सुमारे ११ वेळा फिरतो, अचानक दहा लाखांत दोन भागांनी अधिक वेगाने फिरू लागला. ताऱ्याचे कवच तडकून आतले द्रव्य खाली बसले असावे, म्हणजे मायची चापटीच, अशी पहिली कल्पना होती. पण एवढा मोठा धक्का दर दोन-तीन वर्षांनी बसू लागला, आणि कवच तडकण्याने तेवढे होणे शक्य नव्हते. आता असे मानतात की आत न्यूट्रॉन जोड्या करून वाहतात आणि त्या प्रवाहाला घर्षण नसते. कवच मंदावत जाते पण आतला प्रवाह वेग राखून असतो, आणि केव्हातरी तो साठविलेला वेग एकदम कवचाला देऊन टाकतो. असे धक्के टिपण्याचे काम पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीवरही चालते. संक्रांतीला घरी जाईन तेव्हा मायला हे सांगायचे आहे.